'काळ'कर्ते परांजपे : दर शुक्रवारी राजद्रोहाच्या काठावरून

खिळेजुळणी (धागाकर्ता)

मी २७ वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचा खिळा उलटा असतो, त्यामुळे आम्हा कंपोझिटर लोकांना उलटा मजकूर सरळ वाचायची सवय लागते. निवृत्तीनंतर 'काळ'मधले निबंध हातात घेतले, तेव्हा हीच सवय उपयोगी पडली. शिवराम महादेव परांजपे यांचं वाक्य वरून जे सांगतं, त्याच्या उलट बाजूने ते वाचावं लागतं. हे एकदा जमलं की त्या काळचे वाचक शुक्रवारच्या अंकाची वाट का पाहत असतील ते कळतं.

जयंती-पुण्यतिथीला त्यांच्यावर जे छापून येतं, त्यात 'देशभक्त', 'फर्डे वक्ते', 'वक्रोक्तीचे बादशहा' एवढे शब्द असतात आणि माणूस तिथेच संपतो. मला या धाग्यात त्यांच्याकडे दर आठवड्याला रकाने भरून देणारा वर्तमानपत्री लेखक म्हणून पाहायचंय. अंक लावायचाय, मजकूर अजून आलेला नाही, बाहेर पोलीस आहेत आणि तरी लिहायचं आहे, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं बसलेला माणूस.

१८९७ साल आठवा. पुण्यात प्लेग, घराघरांत शिरून तपासणी करणारे गोरे सोजीर, २२ जूनच्या रात्री रँडवर चापेकरांनी झाडलेली गोळी. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची सक्तमजुरी. इस्लामपूरच्या 'प्रतोद'च्या संपादकावर त्याच कलमाचा खटला. नातू बंधूंना तर खटल्याविनाच डांबलं, १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनचा आधार काढून. फेब्रुवारी १८९८ मध्ये राजद्रोहाचं १२४ अ कलम नव्याने लिहिलं गेलं, जोडीला समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलचं १५३ अ आलं. आणि २५ मार्च १८९८ ला, शुक्रवारी, 'काळ'चा पहिला अंक निघाला. टिळक तेव्हा तुरुंगातच होते.

महाडला १८६४ मध्ये जन्मलेले, संस्कृत घेऊन एम. ए. झालेले परांजपे तेव्हा ३३ वर्षांचे होते. प्राध्यापकी करून सुखाने राहता आलं असतं. कोणत्या लेखाला किती महिने पडतात याचा ताजा हिशेब डोळ्यांसमोर असताना त्यांनी साप्ताहिक काढलं. म्हणून त्यांच्या वक्रोक्तीला नुसता अलंकार म्हणणं मला पटत नाही. ते कामाचं हत्यार होतं आणि त्या कलमाच्या मापाने घडवलेलं होतं.

हत्यार कसं चालायचं ते सांगतो. एक पद्धत व्याजस्तुतीची. सरकारच्या एखाद्या धोरणाची स्तुती सुरू होते. पहिल्या परिच्छेदात ती खरी वाटते, दुसऱ्यात जरा जास्त वाटते, तिसऱ्यापर्यंत वाचकाच्या लक्षात येतं की स्तुतीचा एकेक मुद्दा आरोपपत्रातला मुद्दा आहे. आरोपाचा शब्द मात्र शोधून सापडत नाही. दुसरी पद्धत अन्योक्तीची. बोलायचं रोमबद्दल, इटलीबद्दल, पुराणातल्या एखाद्या उन्मत्त राजाबद्दल, आणि पुण्यातल्या वाचकाने कलेक्टर कचेरीकडे पाहायचं. तिसरी मला सर्वांत अवघड वाटते. सगळा युक्तिवाद रचत न्यायचा आणि निष्कर्षाच्या एक पाऊल आधी थांबायचं. शेवटचं वाक्य छापखान्यात जुळवलंच जात नाही, ते वाचकाच्या डोक्यात जुळतं. सरकारला जप्त करायला ते कागदावर मिळत नाही.

सगळंच लेखन आज टिकतं असं मी म्हणणार नाही. काही निबंध फार पाल्हाळिक आहेत. समासावर समास चढतात आणि विषय बाजूला राहतो. कधी एकच युक्ती लागोपाठच्या निबंधांत दिसते. आठवड्याचा रकाना भरणाऱ्या कुठल्याही लेखकाचं हे होतं, आणि आम्ही खिळे जुळवणारे ते सगळ्यांच्या आधी ओळखतो, कारण तेच ते शब्द हाताला लागतात. पण चांगला निबंध लागला की अजूनही अंगावर येतो.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. 'काळ'ने त्यावर लिहिलं. ११ जूनला परांजप्यांना अटक झाली. त्यांच्या खटल्यात मदत करायला टिळक मुंबईला गेले आणि २४ जूनला तिथेच त्यांनाही पकडलं. जुलैत न्या. दावर यांनी परांजप्यांना १९ महिन्यांची शिक्षा दिली. थोड्याच दिवसांत त्याच न्यायमूर्तींसमोर टिळकांचा खटला चालला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. टिळकांच्या सहा वर्षांच्या सावलीत परांजप्यांचे १९ महिने झाकले गेले ते आजतागायत.

१९०९ मध्ये ते मुदतीआधी सुटले. १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टने पत्रांकडून जामिनाची रक्कम मागायचं हत्यार सरकारच्या हाती दिलं आणि 'काळ' बंद पडला. निबंधांचे खंड निघाले, ते सरकारने जप्त केले. ही जप्ती त्यांच्या हयातीत उठली नाही. १९२० मध्ये त्यांनी 'स्वराज्य' साप्ताहिक काढलं, मुळशी सत्याग्रहात पुन्हा तुरुंगात गेले, १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला वारले.

माझ्या मनात घोळणारी गोष्ट अशी. 'काळ' बंद पडला तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. लेखकाची खरी भर वर्षं तीच. त्या वर्षांत त्यांच्या हाती स्वतःचं पत्र नव्हतं. ज्याची सगळी घडण आठवड्याच्या लेखाची आहे, त्याच्याकडून आठवडाच काढून घेतला तर मागे काय उरतं? जाणकारांनी लिहावं.


उलटतपासणी

धागा आवडला. मी फौजदारी वकिली करते, त्यामुळे एका मुद्द्यावर तुमच्याशी असहमत आहे, काका. 'हत्यार त्या कलमाच्या मापाने घडवलेलं होतं' हे मला उलट वाटतं.

१२४ अ दंडसंहितेत आलं १८७० मध्ये. १८९७ च्या टिळक खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्या कलमातल्या 'अप्रीती' (disaffection) या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा सांगितला. त्यावर खूप टीका झाली, कारण त्या अर्थाने सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा ठरत होता. १८९८ च्या दुरुस्तीने अप्रीतीत बेइमानी आणि सर्व प्रकारची वैरभावना येते असं स्पष्ट केलं आणि 'द्वेष' व 'तुच्छता' हे दोन शब्द नव्याने घातले. सोबत स्पष्टीकरणं दिली. सरकारच्या कृतीबद्दल नापसंती दाखवायला, कायदेशीर मार्गाने बदल मागायला हरकत नाही. फक्त त्यातून द्वेष, तुच्छता किंवा अप्रीती निर्माण होता कामा नये.

आता या चौकटीत व्याजस्तुती ठेवून पाहा. 'हा हुकूम चुकीचा आहे, मागे घ्या' असं सरळ लिहिणारा स्पष्टीकरणाच्या आडोशाला उभा राहू शकतो. स्तुती करत करत सरकारला हास्यास्पद करणारा माणूस तुच्छताच निर्माण करतो. म्हणजे परांजप्यांनी नव्या कलमातल्या सर्वांत धोक्याच्या शब्दालाच हात घातला होता. त्यांची शैली त्यांना कायद्याच्या शब्दांपासून वाचवत नव्हती. वाचवत असलीच तर पुराव्याच्या बाजूने.

आणि पुरावा म्हणजे भाषांतर. मुंबई सरकारचं प्राच्य भाषांतरकाराचं कार्यालय दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करायचं. तो गोपनीय असायचा, अधिकाऱ्यांपुरता. 'काळ'चे लेख वर्षानुवर्षं त्या चाळणीतून गेले. व्याजस्तुतीचा गोषवारा कसा करणार? शब्दशः केला तर स्तुती उरते. अर्थ लिहिला तर तो भाषांतरकाराचा अर्थ होतो, आणि कोर्टात त्यावर उलटतपासणी होऊ शकते. १९०८ मध्ये टिळकांनी स्वतःच्या खटल्यात सरकारी भाषांतरावर एकेका शब्दासाठी वाद घातला. त्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. मराठी लेखाचा न्याय इंग्रजी प्रतीवरून झाला. परांजप्यांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट असणार, कारण त्यांच्या मजकुरात शब्द एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे.

मग इतकी वर्षं खटला का नाही? माझं मत असं, की प्रत्येक खटला संपादकाला मोठा करतो हे टिळकांच्या राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेनंतर सरकारला कळलं होतं. इशारे देऊन काम भागत होतं तोवर भागवलं. १९०८ मध्ये बॉम्ब आल्यावर हिशेब बदलला. त्याच जूनमध्ये गुन्ह्यांना चिथावणी देणाऱ्या वर्तमानपत्रांसाठी वेगळा कायदाही झाला. शैली तीच होती, वाचणारं सरकार बदललं.

अवांतर : ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ स्थगित ठेवलं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १५२ व्या कलमात 'अप्रीती' हा शब्द नाही. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.


रानातली_पायवाट

वरचे दोन्ही प्रतिसाद जपून ठेवलेत. 'स्तुती उरते' हे फार आवडलं. भाषांतरकार कोणीतरी मराठी माणूसच असणार ना? त्याला तर सगळं कळत असणार. घरी अंक वाचून मनात काय वाटायचं आणि दुपारी कचेरीत काय लिहायचा, हे कुठे लिहून ठेवलं असतं तर.


पानगळ

मला या धाग्यातल्या कौतुकाच्या सुरात सूर मिसळता येत नाही. कारण सांगते.

मूळ लेखात 'मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला' एवढंच वाक्य आहे. तो कोणावर पडला? मारायचं होतं फटक्यांच्या शिक्षा देणाऱ्या न्यायाधीश किंग्जफर्डला. गाडी होती दुसऱ्याच कुटुंबाची. प्रिंगल केनेडी नावाच्या वकिलाची पत्नी आणि मुलगी त्यात गेल्या. दोघींचा कुठल्याच निकालाशी, कुठल्याच फटक्यांच्या शिक्षेशी संबंध नव्हता. टाकणारे होते प्रफुल्ल चाकी आणि खुदीराम बोस. चाकींनी स्वतःला संपवलं, खुदीरामला ११ ऑगस्टला फाशी झाली, वय १८. पुढच्याच वर्षी, २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. तिघेही कोवळे.

'काळ' वाचून कोणी बॉम्ब केला, असा सरळ धागा मी जोडत नाही. तो जोडायला माझ्याकडे काही नाही, आणि सरकारने तो जोडला म्हणून तो खरा ठरत नाही. माझा प्रश्न शैलीचा आहे. काकांनी तिसरी पद्धत सांगितली, निष्कर्षाच्या एक पाऊल आधी थांबण्याची. शेवटचं वाक्य वाचकाच्या डोक्यात जुळतं, बरोबर. पण वाचक कोण? चाळिशीचा वकील वाचत असेल तर तो मान हलवून अंक घडी करून ठेवेल. सतरा वर्षांचा मुलगा वाचत असेल तर तो ते वाक्य पूर्ण करील, आणि मग ते वाक्य त्याचं एकट्याचं असेल. कोर्टात लेखक म्हणू शकतो की मी असं कुठे लिहिलंय. त्या मुलाला असं म्हणता येत नाही.

वक्रोक्तीने लेखकाला सरकारपासून आडोसा दिला हे शौर्याचं वाटतं. तोच आडोसा त्याला वाचकाच्या प्रश्नापासूनही मिळतो. 'तुम्ही आम्हाला नक्की काय करायला सांगत होता?' याचं उत्तर द्यावं लागत नाही.

आगरकर परांजप्यांच्या आधीच्या पिढीचे, १८९५ मध्ये गेले. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. तेही वादग्रस्त होते, पण त्यांचं कुठलंही वाक्य घ्या, त्याची जबाबदारी त्या वाक्यातच असते.


खिळेजुळणी (धागाकर्ता)

पानगळताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच लिहायचं टाळलं.

आधी तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच मांडतो. परांजपे नुसते दूर बसून लिहिणारे नव्हते. तरुण मुलं त्यांच्या ओळखीची होती. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा टिळकांबरोबर तेही होते. सावरकर त्यांना गुरुस्थानी मानत. श्यामजी कृष्णवर्म्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सावरकरांची जी शिफारस झाली, ती टिळकांबरोबर परांजप्यांचीही होती. म्हणजे वाचक कोण आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं.

माझी अडचण वेगळी आहे. सरळ लिहायला जागा असती तर त्यांनी कसं लिहिलं असतं हे आपल्याला कधीच कळणार नाही. वकीलताई म्हणतात की सरळ नापसंतीला कायद्यात आडोसा होता. कागदावर होता. पण स्वातंत्र्य हवं, एवढंच वाक्य सरळ छापायला जागा होती का? 'हा कर कमी करा' म्हणता येत होतं. 'तुम्ही इथून जा' म्हणता येत नव्हतं. परांजप्यांना दुसरं वाक्य म्हणायचं होतं. आगरकरांना भटा-ब्राह्मणांना जे म्हणायचं होतं ते सरळ म्हणता आलं, कारण त्यासाठी १२४ अ लागत नव्हतं. प्रेतयात्रा निघाली, घाणेरडी पत्रं आली, पण वर्तमानपत्र जप्त झालं नाही. (१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात राहून आले, ते बदनामीच्या खटल्यात.)

तरीही तुमचा 'त्या मुलाला असं म्हणता येत नाही' हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तुरुंगात जाऊन आल्याने तो फिटत नाही हेही मान्य.


दुसरी_बाजू

बॉम्ब आणि कायदा यांच्या पलीकडे एक गोष्ट राहतेय. 'काळ'चा पारतंत्र्याचा विचार कोणाच्या पारतंत्र्याचा होता?

मराठी पत्रांची जी ओळ आपण शाळेत शिकतो ती 'दर्पण', 'केसरी', 'सुधारक', 'काळ' अशी जाते. त्या ओळीत कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेलं 'दीनबंधु' सहसा येत नाही. शेतकरी आणि कामकरी यांच्यावर कोण कोण बसलेलं आहे याचा हिशेब ते मांडत होतं, आणि त्या हिशेबात इंग्रज एकटा नव्हता. 'काळ'च्या निबंधांत इंग्रज जवळजवळ एकटाच आहे. पेशवाईतलं वैभव गेल्याची हळहळ आहे, पण त्या वैभवाखाली कोण दबलं होतं याची चौकशी मला त्यात कुठे सापडली नाही. मी सगळे खंड वाचलेत असा दावा नाही, जेवढे वाचले त्यावरून सांगतोय.

आणि एक योगायोग. परांजप्यांचं 'स्वराज्य' १९२० चं. डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' त्याच वर्षीचं, ३१ जानेवारीचं. 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिलं की मुंबई इलाख्यातली बहुतेक वर्तमानपत्रं विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत, इतरांची त्यांना पर्वा नसते. हे वाचून मग त्याच वर्षीचं 'स्वराज्य' हे नाव पाहिलं की प्रश्न आपोआप उभा राहतो.

परांजप्यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. संस्कृत व्याजस्तुती कळायला वाचकाला ठरावीक शिक्षण लागतं. शैलीनेच वाचक निवडला गेला. वकीलताईंनी भाषांतराची चाळणी दाखवली, ही दुसरी चाळणी.


रानातली_पायवाट

दुसरी_बाजू, एका मुद्द्यावर थोडी असहमत. माझे पणजोबा चौथीपर्यंत शिकलेले होते आणि आमच्या घरात सांगतात की 'काळ' चावडीवर मोठ्याने वाचला जायचा. एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. ऐकताना आवाजाच्या चढउतारावरून उपरोध कळतो, त्याला समास फोडता यावे लागत नाहीत. परांजपे वक्ते होते, लिहितानाही ते बोलत असावेत. पण चावडीवर कोणाला बसता येत होतं, हा तुमचा प्रश्न उरतोच.


संध्याछाया

एक तुलना सुचवते. अच्युतराव कोल्हटकरांचा 'संदेश' १९१५ मध्ये मुंबईत निघाला, म्हणजे 'काळ' बंद पडल्यावर पाच वर्षांनी. तोही खळबळीचा, तोही सरकारच्या डोळ्यांत सलणारा. पण कोल्हटकरांनी 'वत्सलावहिनींची पत्रे' लिहून वर्तमानपत्र माजघरात नेलं. परांजप्यांच्या लेखनात बायका नायिका किंवा मातृभूमी म्हणून येतात, वाचक म्हणून नाही. काका विचारतात की आठवडा काढून घेतल्यावर काय उरतं. माझ्या मते दरम्यानच्या काळात वाचकच बदलला. १९२० मध्ये परांजपे परत आले तेव्हा त्यांची वाक्यं ऐकायला जो वर्ग बसला होता तो उठून गेलेला होता.


मुठेकाठ

माझ्या आजीचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणून या धाग्यात जो भाग एका ओळीत उरकला गेलाय, त्यावर लिहितो.

मुंबईला वीज हवी होती म्हणून मावळातल्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. परांजपे या सत्याग्रहात उतरले, आणि १९२२ मध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते आणि मधुमेहाने त्यांना घेरलेलं होतं.

दुसरी_बाजू यांचा प्रश्न मला मान्य आहे, पण त्यात मुळशी जोडा. इथे समोर एकटा इंग्रज नव्हता. भांडवल देशी होतं. जमीन जात होती ती भात पिकवणाऱ्यांची, आणि सावकारी कागद ज्यांच्याकडे होते त्यांना नुकसानभरपाईत रस होता. ज्या माणसाने दहा वर्षं सगळा राग एकाच दिशेने वळवला, तो म्हातारपणी अशा भांडणात उतरला जिथे शत्रू कोण हे सांगायला रोमचं उदाहरण पुरत नव्हतं. तिथे व्याजस्तुतीचा उपयोग नव्हता. कामावर जाऊन बसायचं होतं.

धरण झालंच. आजी सांगायची की उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या गावच्या देवळाचे दगड दिसायचे आणि बायका लांबून हात जोडायच्या. सत्याग्रहात कोण मोठी माणसं आली होती ते तिला नावानिशी माहीत नव्हतं. 'पुण्याचे एक मास्तर होते, आजारी होते, तरी आले' एवढं तिच्या ऐकण्यात होतं. ते परांजपेच असतील असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण मला ते तेच वाटतात.


नवी_वही

मी या विषयात अगदी नवीन. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला 'काळ'वर चार ओळी आहेत आणि परीक्षेत सनावळी विचारतात. वाचायला सुरुवात कुठून करू? संस्कृत येत नाही.


उलटतपासणी

नवी_वही, एक सवय लावून घे. निबंध वाचायच्या आधी त्या महिन्यात पुण्यात आणि कलकत्त्यात काय चाललं होतं ते पाहा. तारीख माहीत नसेल तर 'काळ'चा निम्मा निबंध नुसता इतिहासाचा धडा वाटतो. तारीख कळली की तोच लेख अग्रलेख होतो.

मुठेकाठ, तुमच्या प्रतिसादानंतर माझं एक मत सैल झालं. मी त्यांच्याकडे फक्त खटल्यातला आरोपी म्हणून पाहत होते.


खिळेजुळणी (धागाकर्ता)

नवी_वही, वकीलताईंनी सांगितलं ते बरोबर. त्यात माझी भर. पहिल्यांदा मोठ्याने वाच. रानातली_पायवाट यांनी चावडीचं सांगितलं, तसंच. वाक्य लांब असलं तरी श्वास कुठे घ्यायचा हे त्यांच्या विरामचिन्हांत दाखवलेलं असतं. मग तोच निबंध एका वहीत उतरवून काढ, दोन रकाने करून. डावीकडे वाक्य काय म्हणतं, उजवीकडे वाचकाला काय कळतं. उजवा रकाना रिकामा राहील तिथे खूण कर आणि पुढे जा. संस्कृत अडलं तर शब्दकोश आहेच, पण पहिल्या वाचनाला थांबू नकोस. पाल्हाळिक निबंध सोडून दिलास तरी चालेल, मी सोडलेत. आणि 'दीनबंधु'तलं जे काही हाती लागेल तेही शेजारी ठेव. दुसरी_बाजू यांच्यामुळे मीही आता ते मिळवतोय.

संध्याछाया, वाचक उठून गेला हे तुमचं उत्तर मला कडू लागलं, पण 'स्वराज्य' 'काळ'इतकं गाजलं नाही याचं याहून बरं कारण मला सुचत नाही. मुठेकाठ यांनी सांगितलेला मास्तर मात्र त्या वाचकांची वाट पाहत बसला नव्हता, असं दिसतं.

आता एक काम राहिलं. छापलेला अंक परत बोलावता येत नाही. चूक झाली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यावं लागतं आणि आमच्याकडे ते जुळवायचं काम ज्याने चूक केली त्यालाच मिळायचं. म्हणून मूळ लेख आहे तसाच ठेवतो आणि इथे देतो.

शुद्धिपत्र. पहिल्या लेखात '३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला' असे वाक्य आहे. ते असे वाचावे : '३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी असलेला बॉम्ब दुसऱ्याच गाडीवर पडला आणि त्यात प्रिंगल केनेडी यांची पत्नी व मुलगी यांचा मृत्यू झाला.'